वजा जाता उरलेले दिवस

रजा मंजूर होते दहा दिवसांची. मागचे-पुढचे आणि मधले शनिवार-रविवार धरले की १६ दिवस भरतात, आणि १६ दिवस म्हणजे चिक्कार, असं तिकीट काढायला बसेपर्यंत वाटत राहतं. नवरा किंवा बायको, किंवा अजून लग्न न झालेला जोडीदार सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास कुठेतरी नोकरीला, आपण पुण्या-मुंबईत. कागद-पेन घेऊन एकदा वजाबाकी मांडून बघावी.

समजा, शनिवारी पहाटे चारला मुंबईहून विमान सुटलं. पावणेचार तासांनी दोहा, तिथे तीन तासांचा थांबा, मग साधारण १६ तासांचं एकच उड्डाण. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असतं, त्यामुळे उतरताना तिथे शनिवारचेच दुपारचे सव्वादोन. घड्याळ म्हणतं दिवस वाचला, डोळे म्हणतात रात्रीचे पावणेतीन. परतीला सगळं उलट. शुक्रवारी संध्याकाळी पाचला निघालेला माणूस रविवारी पहाटे सहारला उतरतो आणि मधला अख्खा शनिवार आकाशातच कुठेतरी गळून पडतो. हातात १४ दिवस राहिले. त्यातला पहिला अर्धा, शेवटचा बॅगा भरण्यात, आणि सुरुवातीचे तीन-चार पेंगण्यात. शरीराचं आतलं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं; साडेबारा तासांचा फरक ते चार दिवसांत पुरा करत नाही, फक्त तडजोडीला तयार होतं.

प्रवासाची तयारी म्हणजे या वजाबाकीतली एकेक रक्कम लहान करणं, असं माझं मत आहे. तिकीट पाच-सात हजारांनी स्वस्त पडलं आणि भेटीचा दीड दिवस गेला, तर तो सौदा महागात पडला. आणि पहिली तयारी आपल्याकडे नाहीच, ती तिकडच्या माणसाकडे आहे. बहुतेक यजमान उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यात सुट्टी काढतात. पाहुणा संध्याकाळी पाचला सोफ्यावर आडवा, पहाटे तीनला टक्क जागा, सुट्टी वाया. रजा दुसऱ्या आठवड्यात घ्यावी. पहिल्या आठवड्यात घरून काम मिळालं तर उत्तम, नाहीतर पाहुण्याला निवांत झोपू द्यावं.

आता तिकीट. दोहा, दुबई, अबुधाबी किंवा युरोपातलं एखादं शहर, थांबा कुठेही असो, खरा प्रश्न तो किती तासांचा हा आहे. दीड तासाचा थांबा बुकिंगच्या पानावर फार देखणा दिसतो. पण मुंबईहून विमान ४० मिनिटं उशिरा सुटणं ही काही बातमी नव्हे. दोह्यात उतरल्यावर बदली प्रवाशांनाही पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं (मुंबईत घेतलेली पाण्याची बाटली तिथे जाते), आणि अमेरिकेच्या विमानाला त्यापुढे दारापाशी आणखी एक तपासणी असते: कागद, दोन-चार प्रश्न, कधी बॅग उघडून. त्यातच बोर्डिंग पासवर ‘एसएसएसएस’ अशी चार अक्षरं छापून आली असतील, तर सविस्तर तपासणीसाठी नाव निघालं आहे असं समजावं. त्यात गुन्हा काही नसतो, अर्धा तास मात्र जातो. ऑनलाइन चेक-इन काही केल्या होत नसेल तर हे त्याचं एक कारण असू शकतं.

अडीच ते चार तास हा थांबा सोन्याचा. तोंड धुवायचं, दात घासायचे, मोजे बदलायचे, पोटात काहीतरी गरम घालायचं आणि दाराशी जाऊन बसायचं. सहा ते नऊ तासांचा थांबा सगळ्यांत वाईट. बाहेर पडावं तर वेळ पुरत नाही, आत बसावं तर पाठ मोडते. दहा-बारा तासांचा घ्यावाच लागला तर झोपेचे पैसे तिकिटातच धरावेत. दोहा आणि दुबई, दोन्ही विमानतळांवर सुरक्षा क्षेत्राच्या आतच हॉटेलं आहेत. तिथे राहायला त्या देशाचा व्हिसा लागत नाही. पैसे वाचवायचे असतील तर दोह्याच्या हमद विमानतळावर स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या शांत खोल्या आहेत. त्यात आडवं होण्याआधी मोबाइलवर दोन गजर लावावेत, आणि ते स्थानिक वेळेचे आहेत की भारतीय, हे डोळे उघडे असताना तपासावं.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असावा. याबाबतीत कंजुषी करू नये. एका तिकिटावर पहिलं विमान चुकवलं विमान कंपनीने, तर पुढचं बसवून देण्याची जबाबदारीही तिची. दोन वेगळी तिकिटं असतील तर पुढची कंपनी हात वर करते, आणि त्यात तिचं चूक काही नसतं. पुण्याहून किंवा नागपूरहून स्वस्त देशांतर्गत विमानाने दिल्ली गाठून तिथून वेगळ्या तिकिटावर अमेरिका, या बेतात तीन खड्डे आहेत. देशांतर्गत विमानात चेक-इन सामान साधारण १५ किलो चालतं आणि आपल्याकडे आहे ४६. दिल्लीत बॅगा स्वतः उचलून कदाचित टर्मिनल बदलावं लागतं. आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं कुणाचं ऐकत नाही.

अमेरिकेतच दुसरं विमान बदलायचं असेल, म्हणजे शिकागो किंवा न्यूयॉर्कमार्गे जायचं असेल, तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायच्या. बॅगेवर शेवटच्या शहराची चिठ्ठी असली तरीही. त्यामुळे तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये. अबुधाबीची गंमत वेगळी: तिथे २०१४पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं, आणि पलीकडे उतरल्यावर माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा सरळ बाहेर पडतो. पण ती रांग अबुधाबीत लागते, तेव्हा थांबा तिथे मोठा हवा. युरोपमार्गे जाताना एकाच शेंगेन गटातले, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांतले, दोन विमानतळ येत नाहीत ना, हे बघावं. फ्रँकफर्टहून म्युनिक आणि तिथून अमेरिका असं तिकीट स्वस्तात दिसतं, पण फ्रँकफर्ट ते म्युनिक हा शेंगेनच्या हद्दीतला प्रवास. त्याला शेंगेन व्हिसाच लागतो.

तिकिटावरचं नाव हा आपल्याकडचा खास घोटाळा. मराठी पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. तिकिटावर ती एकमेकांना चिकटून येतात, त्याला ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ही चिकटतं, आणि ‘स्नेहलअविनाशमिस’ अशी कुणी तिसरीच बाई प्रवास करतेय असं वाटतं. त्याने बिघडत नाही. अक्षरं तीच आणि त्याच क्रमाने असली की झालं. बिघडतं ते लग्नानंतर नव्या नावाने तिकीट काढलं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तर. दुसरा घोटाळा तारखेचा. ‘१५ तारीख, पहाटे २:१०’ याचा अर्थ घरातून १४ तारखेला संध्याकाळीच निघायचं. पुण्याहून निघणाऱ्याने तर जेवायच्या आधी. एक्सप्रेसवेचा घाट शुक्रवारी संध्याकाळी काय करेल याचा भरवसा नाही, आणि चेक-इनची खिडकी सहसा सुटण्याच्या तासभर आधी बंद होते.

बॅगा. अमेरिकेसाठी बहुतेक तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा आणि केबिनमध्ये सात किलो. तरी आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचावं, कारण स्वस्त भाड्यांत हल्ली एकच बॅग देतात. मोठी कडक बॅग रिकामीच चार-पाच किलो भरते, म्हणजे माल १८ किलो. हातात धरायचा काटा शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, म्हणून २२ किलो ३००वर थांबावं. दोन्ही बॅगांत दोन्ही प्रकारचा माल असावा: थोडे कपडे, थोडा खाऊ. एका बॅगेत सगळे कपडे आणि दुसरीत सगळा फराळ असा शिस्तीचा बेत करणाऱ्याची नेमकी कपड्यांची बॅग दोह्यात राहते.

खाऊच्या बाबतीत प्रेमाला कायदा कळत नाही, म्हणून तो आधीच समजून घ्यावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर. ते कोंडलेल्या उष्णतेत आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते, आणि मुंबईला बॅग उघडून वाट्या काढून ठेवतात. मसाल्यात भाजून वाटलेलं खोबरं हा प्रश्न नाही, प्रश्न अख्ख्या वाट्यांचा. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाचं बी. दिवाळीच्या डब्यात आईने घातलेले अनारसे आठवावेत, त्यांच्या पाठीवर काय असतं ते आठवावं, आणि ते घरीच खाऊन निघावं. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तेही तिथे विनापरवानगी चालत नाही.

अमेरिकेच्या दारात वेगळी यादी. ताजा कढीपत्ता नको: त्यावर लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड येते. आंबेमोहोर तांदूळ नको, अख्खे हरभरे नकोत: धान्य पोखरणाऱ्या खाप्रा भुंगेऱ्याच्या धास्तीने. हापूस तर अजिबात नको. लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून २००७पासून आपला आंबा व्यापारी मार्गाने अमेरिकेत जातो. तोच आंबा बॅगेतून आला की कचऱ्यात पडतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू हे सहसा निर्धास्त जातं. पण विचारलं तर ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असंच सांगायचं. सांगितलेली वस्तू फार तर जप्त होते. लपवलेल्या वस्तूला दंड होतो, आणि तो शेकडो डॉलरांत जातो.

ही पिठं-मसाले केबिन बॅगेत मात्र घालू नयेत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत जून २०१८पासून हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरच्या वर, म्हणजे साध्या शीतपेयाच्या कॅनपेक्षा जास्त, भुकटी नेता येत नाही. मुंबईच्या काउंटरवर रात्री एकला हे दृश्य हमखास दिसतं. बॅग २४ किलो ६०० भरते. बाजूला घेऊन कुलूप उघडतात, वर घडी घातलेली साडी, खाली सेलोटेपने चारी बाजूंनी आवळलेली भाजणीची दोन किलोची पिशवी. ती काढून केबिन बॅगेत कोंबली की वजन जमतं, काउंटरवरची मुलगी मान डोलावते, आणि तीच पिशवी सात तासांनी दोह्यात विमानाच्या दाराशी टेबलावर येते. तिथे मग वाद घालण्यात अर्थ नसतो. जादा दीड किलो काढायचाच असेल तर जीन्स काढावी. जीन्स तिकडे मिळते.

बॅग पट्ट्यावर गेली की तिच्या मुठीला गुंडाळलेली पांढरी पट्टी वाचावी. ठळक तीन अक्षरं शेवटच्या विमानतळाची, त्यांच्याजवळच मधल्या थांब्याची. तीच अक्षरं आपल्याला दिलेल्या लहान चिठ्ठीवर हवीत. ती चिठ्ठी बोर्डिंग पासच्या किंवा पासपोर्टच्या पाठीला चिकटवून देतात. तिचा मोबाइलवर एक फोटो घ्यावा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवायची असते, आणि तिथे पहिला प्रश्न या चिठ्ठीवरच्या आकड्याचा येतो.

केबिन बॅगेत दोन दिवसांचं आयुष्य असावं: एक जोड कपडे, पाच-सहा दिवसांची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी, चष्मा, चार्जर, जोडीदाराचा पत्ता पिनकोडसकट कागदावर. १६ एप्रिल २०२४ला दुबईत पाऊस कोसळला आणि विमानतळ पाण्यात गेला. २३ जून २०२५ला कतारने आकाशच बंद केलं. अशा दिवशी चेक-इन बॅग हाती लागत नाही. पॉवर बँक याच बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तास भरते, म्हणजे चालते. काही कंपन्या ती विमानात वापरू देत नाहीत, म्हणून फोन आधीच पूर्ण चार्ज असावा. तहानलाडू-भूकलाडूंची जागा आता खाकरे आणि दशम्यांनी घ्यावी. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, आणि आपल्या आज्यांनी हे गणित एसटीच्याही आधी सोडवलेलं आहे. चटणी कोरडी हवी. लोणचं सुरक्षा तपासणीत द्रव धरतात.

विमानात बसल्या बसल्या घड्याळ तिकडच्या वेळेला लावावं आणि त्यानंतर ‘आता आपल्याकडे किती वाजले’ हा प्रश्न मनातून काढून टाकावा. १६ तासांच्या उड्डाणात खिडकीपेक्षा कडेची जागा बरी. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवतात. कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे आपण तिच्याही वर बसून जेवतो-झोपतो, आणि तेही वाळवंटासारख्या कोरड्या हवेत. ओठ फुटतात, पाय सुजतात. बूट सैल हवेत, पोटरीला घट्ट बसणारे मोजे हवेत. चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अभ्यासात आढळलं. मुळात तो धोका फार थोडा, तरी दोन तासांनी उठून एक फेरी मारायला काय जातं? आधी गुठळी झालेली असेल, गर्भारपण किंवा नुकतीच शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरला विचारूनच निघावं. जेवण ‘एशियन व्हेजिटेरियन’ हवं असेल तर किमान २४ तास आधी नोंदवायचं. ते सगळ्यांच्या आधी येतं, म्हणजे लवकर झोपता येतं. उपासवाल्यांसाठी फळांची थाळीही नोंदवता येते. विमानात एकादशी कोणत्या देशाच्या पंचांगाने धरायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुबईत थांबा असेल तर जोडप्यांनी एक गोष्ट आधीच बोलून ठेवावी. अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे आवाजी आणि व्हिडिओ कॉल चालत नाहीत. निरोप जातात, फोटो जातात, रेकॉर्ड केलेला आवाज जातो. कॉल फक्त ‘जोडत आहे’ म्हणत राहतो. हे ठाऊक नसलेला तिकडचा माणूस आठ वेळा प्रयत्न करतो आणि नवव्यांदा घाबरतो. भारतीय सिम बंद करू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार.

उतरल्यावरही निरोपाची घाई धरू नये. इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरायला मनाई असते, आणि अधिकाऱ्याने आतल्या खोलीत बसवलं तर तासभर संपर्क तुटतो. बाहेर थांबणाऱ्याने दोन तास शांत राहायचं, एवढंच काम. सॅन फ्रान्सिस्कोला फोन येईपर्यंत गाडीत बसून थांबायला वेगळी जागा आहे. निरोप आल्यावरच गाडी पुढे आणावी. आत विचारलं जातं: कुणाकडे, किती दिवस, परत कधी. उत्तरं खरी आणि आखूड द्यावीत. लग्न झालेलं नसेल तर ‘मित्राकडे’ असं गुळमुळीत सांगण्यापेक्षा नातं सरळ सांगावं. पत्ता एक, नावं दोन आणि गोष्ट तिसरीच, असं झालं की संशय वाढतो. परतीचं तिकीट आणि ऑफिसचं रजेचं पत्र हाताशी असावं. घरी पोचल्यावर आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची, नोंद संकेतस्थळावर उघडून तारीख बघावी. जोडीदाराच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर गेलेल्यांनी तर नक्कीच, कारण पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर राहायची तारीखही तिथेच कापली जाते.

पहिल्या संध्याकाळी कुणाला जेवायला बोलावू नये. उजेड आहे तोवर घराभोवती अर्धा तास चालवून आणावं, मऊ वरणभात वाढावा आणि नऊपर्यंत कसंही करून जागं ठेवावं. त्याआधी झोपलेला माणूस मध्यरात्री उठतो. नऊला झोपलेलाही पहाटे तीनला उठणारच, कारण तेव्हा मुंबईत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि शरीर चहा मागतं. म्हणून झोपायच्या आधी चहाची पूड, साखर, आल्याची किसणी आणि स्टोव्हचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं, एवढं दाखवून ठेवावं. नाहीतर पहाटे तीनला स्वयंपाकघरातलं एकेक कपाट उघडल्याचा आवाज येतो, आणि मग दोघंही जागे.